विक्टोरियाच्या डोंगरवाटांवर कॅम्पर ट्रेलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या उत्तर-पूर्वेला आणि पूर्वेला जो डोंगराळ पट्टा आहे, ज्याला इथे सगळे ‘हाय कंट्री’ म्हणतात, तिथल्या वाटांवरची फाटकं हिवाळाभर बंद असतात आणि उघडतात ती साधारण दिवाळीच्या आगेमागे. त्यामुळे फराळ संपत आला की मला फोन सुरू होतात. ‘कॅम्पर ट्रेलर घेतोय, डार्गोला नेता येईल का?’ (डार्गो हे तिथलं एक गाव.) दरवर्षी तेच प्रश्न, तीच उत्तरं. एकदा बसून लिहून काढली. मी मेकॅनिक नाही. गेली काही वर्षं ट्रेलर ओढतोय आणि त्यातल्या पहिल्या वर्षी बऱ्याच चुका केल्यात, एवढाच माझा अधिकार.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे कॅरव्हानच ना?

नाही. कॅरव्हान म्हणजे चाकांवरची खोली. कॅम्पर ट्रेलर म्हणजे बंद पेटी, मुक्कामाला पोचल्यावर ती उघडून तंबू उलगडायचा. स्वयंपाकाचा ओटा बाजूने खेचून बाहेर काढायचा. ट्रेलर बुटका असतो, गाडीच्या मागे लपतो, वारा कमी लागतो आणि वजन साधारण १,००० ते २,००० किलोंच्या दरम्यान राहतं. डोंगरात याचा फायदा होतो. पण ‘ऑफ-रोड’ असा स्टिकर लावला म्हणून कुठलाही ट्रेलर ऑफ-रोड होत नाही. खाली वाकून ड्रॉबारची, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्याची, जाडी, सस्पेन्शन, ब्रेकच्या वायरी कशा बांधल्यात ते बघा. वायरी लोंबत असतील तर स्टिकर खोटा आहे.

माझी एसयूव्ही ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह’ आहे. चालेल?

मुक्कामाच्या मैदानापर्यंतच्या सपाट खडीच्या रस्त्यांवर चालेल. चढउताराच्या वाटांवर नाही. तिथे लो रेंज लागते, म्हणजे गाडी अगदी सावकाश चालवणारे जास्तीचे खालचे गिअर. लो रेंज म्हणजे जास्त ताकद असा समज आहे, तो अर्धवट. खरा उपयोग उतरताना होतो. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, पाय ब्रेकवर ठेवावा लागत नाही. लो रेंज नसलेली गाडी ट्रेलरसकट तीव्र उतारावर घालणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं, आणि तापलेला ब्रेक आपल्याला विचारून जात नाही.

गाडी ३,५०० किलो ओढते असं माहितीपत्रकात लिहिलंय. मग १,८०० किलोंची काळजी कशाला?

तो आकडा डांबरी रस्त्यासाठी आहे, आणि बहुतेकदा गाडी जवळजवळ रिकामी धरून. तुम्हाला तीन आकडे माहीत हवेत. भरलेल्या गाडीचं कमाल वजन म्हणजे जीव्हीएम. भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन म्हणजे एटीएम. आणि दोघांच्या एकत्रित वजनाची मर्यादा म्हणजे जीसीएम. समजा जीव्हीएम ३,१०० आणि जीसीएम ५,९०० आहे. गाडी पूर्ण भरलीत की ट्रेलरसाठी उरले २,८००. मग ३,५०० कुठून आले? छापण्यापुरते.

गाडी आणि ट्रेलर दोन्ही भरून, पाण्याच्या टाक्या भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या. आमचा ट्रेलर मी अंदाजाने १,३०० धरत होतो. काट्यावर निघाला १,५२०. ऐंशी लिटर पाणी, म्हणजे ऐंशी किलो, मी हिशोबातच धरलं नव्हतं. बाकीचं? बायकोने लोखंडी तवा, कुकर, दोन किलो कांदे एवढंच कबूल केलं.

ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर जेवढं वजन टाकतं ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. फार कमी झालं तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. फार जास्त झालं तर गाडीचं मागचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात.

डोंगरात नेमकं काय बदलतं? चढ म्हणजे चढच ना?

थोडं गणित करू. आपल्याकडचे घाटातले डांबरी रस्ते सहसा पाच-सहा अंशांच्या पुढे जात नाहीत. डोंगरातल्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाटेवर २५ अंशांचा टप्पा येतो. २५ अंशांच्या चढावर १,५०० किलोंचा ट्रेलर तुम्हाला साधारण ६३० किलोंच्या जोराने मागे खेचतो. तुमची गाडी ३,००० किलोंची धरली तर दोघं मिळून १,९०० किलोंच्या जोराने खाली जायला बघत असतात. आणि हे सगळं चार टायरच्या हातपंजाएवढ्या जागांवर, तेही सुट्या दगडांवर. चढावर भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे वळवणारी चाकंच जमिनीशी नातं तोडायला लागतात. ट्रेलरची चाकं तर फक्त ओझं, ओढायला त्यांची काहीच मदत नाही.

या पानावरचं बहुतेक सगळं एका वाक्यात मावतं: गाडी आणि ट्रेलर यांच्यातला दुवा नेहमी ताणलेला राहिला पाहिजे. दोरीला टांगलेली बादली सरळ लोंबते. तीच बादली काठीच्या टोकावर उभी धरायला गेलात तर कुठेतरी कलंडते. ट्रेलर खालच्या बाजूला लोंबत असेल तोवर तो सरळ राहतो. वरच्या बाजूने रेटायला लागला की तो वाट शोधतो, आणि ती वाट बहुधा आडवी असते.

ओव्हरराइड ब्रेक चालतात का, की इलेक्ट्रिकच हवेत?

कायदा आधी. ट्रेलरच्या चाकांवर पडणारं वजन ७५० किलोंपर्यंत असेल तर ब्रेक नसले तरी चालतं. ७५० ते २,००० किलोंमध्ये निदान एका आसावर ब्रेक हवेत आणि तिथे ओव्हरराइड चालतात. २,००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणा.

कायदा परवानगी देतो म्हणून डोंगर देतोच असं नाही. ओव्हरराइड ब्रेक लागतात कसे? गाडी हळू झाली की मागून ट्रेलर गाडीला ढकलतो, कपलिंग आत दाबलं जातं आणि त्या दाबाने ब्रेक लागतो. म्हणजे हा ब्रेक लागायला ट्रेलरने रेटणं आवश्यकच. जे टाळायचं तेच त्याचं इंधन.

आमची पहिली सहल भाड्याच्या ट्रेलरची होती. देणाऱ्याने ‘ऑफ-रोड’ म्हणून दिला. मेरिजिगकडून हॉक्वा नदीच्या काठी शीपयार्ड फ्लॅटला उतरणारा रस्ता साधा खडीचा आहे, तिथे साध्या गाड्याही येतात. अर्ध्या उतारावर मुलगी म्हणाली, ‘बाबा, काहीतरी जळतंय.’ थांबून बघितलं तर ट्रेलरच्या एका चाकातून धूर निघत होता. हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, हात नेला तर वीतभर अंतरावरून चटका. उतारभर तो बिचारा ट्रेलर गाडीला रेटत होता आणि स्वतःचेच ब्रेक घासत होता. वर आणखी एक: चढावर गाडी बंद पडून मागे सरकली तर ओव्हरराइड ब्रेक काहीच करत नाहीत, कारण तेव्हा कपलिंग ताणलं जातं. आम्ही तासभर सावलीत बसून चिवडा खाल्ला आणि पुढच्या वेळी इलेक्ट्रिकच, हे ठरवून टाकलं.

इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर डॅशबोर्डवर असतो. त्याला हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायची कळ असते. ती कळ डोळे मिटून सापडली पाहिजे. डोंगरात स्वयंचलित पद्धत बंद करून हाताने जोर ठरवायची पद्धत वापरा. उतारावर स्वयंचलित कंट्रोलरचा अंदाज गडबडतो.

गाडीमागचा साधा ५० मिलिमीटरचा टो-बॉल चालतो का?

खडीच्या रस्त्यावर, हो. खड्ड्याखुड्ड्यांच्या डोंगरवाटेवर, नाही. गाडी एका बाजूला कलते, ट्रेलर दुसऱ्या बाजूला, आणि बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोपीला तेवढं वळायची मुभा नसते. मग ती तरी तुटते किंवा बॉलवरून निसटते. सर्व दिशांना फिरणारं ऑफ-रोड कपलिंग घ्या. डीओ-३५, मॅकहिच, ट्रेग ही नावं इथल्या दुकानांत ऐकाल, यातलं कुठलंही चालेल. सुरक्षेच्या साखळ्या ड्रॉबारखाली एकमेकींवर काट मारून लावा. २,५०० किलोंपर्यंत एक साखळी कायद्याला पुरते, पण दुसरीचं वजन ते किती.

कोणत्या वाटांवर ट्रेलर न्यायचा?

इथे बऱ्याच लोकांशी माझं जमत नाही. माझं मत: ट्रेलर दरीत, गाडी डोंगरावर. म्हणजे ट्रेलर सौम्य रस्त्याने नदीकाठच्या मैदानावर न्यायचा, तिथे तीन-चार रात्री तळ ठोकायचा आणि रोज सकाळी मोकळी गाडी घेऊन वाटा चढायच्या. शीपयार्ड फ्लॅट, क्रुकेड नदीवरचं टॅल्बटव्हिल, या जागा जणू त्यासाठीच आहेत. वॉनंगट्टा खोरंही छान, पण तिथे उतरणं एवढं सौम्य नाही, ते पुढे. टॅल्बटव्हिलच्या वर ग्रांट नावाचं १८६० च्या दशकातलं सोन्याच्या खाणींचं गाव होतं. आता तिथे स्मशान, खाणींची भोकं आणि झाडी उरली आहे. मुलांना घेऊन फिरायला छान. वॉनंगट्टाच्या जुन्या गुराख्यांच्या ठाण्यावरच्या दोन माणसांचे १९१७-१८ मध्ये खून झाले, त्यांचा छडा आजही लागलेला नाही. शेकोटीभोवती सांगायला याहून बरी गोष्ट तिकडे मिळणार नाही.

वाटांना इथे चार दर्जे आहेत: सोपी, मध्यम, अवघड, अतिअवघड. पाट्यांवर हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा आणि दोन काळे हिरे. ट्रेलर मागे असेल तर प्रत्येक वाट एक पायरी वरची धरा. मध्यम वाट तुमच्यासाठी अवघड झाली. काळा हिरा दिसला की वळा. आणि वळायला जागा आहे का हे हिरा दिसायच्या आधी बघा.

झेका स्पर ट्रेलर घेऊन करता येतो का? लोक करतात.

करतात. हॉविट पठाराच्या बाजूने वॉनंगट्टा खोऱ्यात उतरणारी ही वाट कोरडी असेल, ट्रेलर हलका आणि खरोखर ऑफ-रोड असेल, सोबत दुसरी गाडी असेल आणि ओढण्याचा अनुभव असेल तर होते. अरुंद वळणांवर ट्रेलर आतून कापतो हे लक्षात ठेवून गाडी बाहेरून घ्यावी लागते. पण उतरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: पाऊस आला तर हीच वाट वर चढून येईन का? उत्तर देताना घुटमळलात तर उतरू नका.

आणि बिली गोट ब्लफ? ब्लू रॅग?

नाही.

कारण विचारणाऱ्यांसाठी: बिली गोट ब्लफ वॉनंगट्टा नदीकाठापासून पिनॅकल्सच्या टेहळणी मनोऱ्याकडे काही किलोमीटरमध्येच हजार मीटरहून जास्त चढते. पायऱ्या-पायऱ्यांचे खडक, एका बाजूला दरी. ब्लू रॅग हा अरुंद कण्यावरून जाणारा रस्ता आहे. त्याचं टोक १,७०० मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच. तिथे सुट्टीच्या दिवशी समोरून गाड्या येतात, बाजूला घ्यायला जागा मोजकी आणि शेवटी आल्या वाटेनेच परतायचं. ट्रेलर घेऊन तिथे गेलात तर तुमच्यामुळे दहा गाड्या अडकतील. रेडिओवर तुमच्याबद्दल काय बोललं जाईल ते मराठीत भाषांतर करण्यासारखं नसेल.

उतार कसा उतरायचा?

एका मित्राचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, आंबेनळी आणि वरंध्याच्या घाटात आयुष्य गेलं. उन्हाळ्यात नातवाला बघायला आले तेव्हा आमच्याबरोबर आले. लो रेंज त्यांनी पहिल्यांदाच बघितली. पण मी उतारावर दुसरा गिअर टाकला तेव्हा मागच्या सीटवरून म्हणाले, ‘ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरायचं. बदला.’ मी बदलला.

लो रेंज, पहिला गिअर. ऑटोमॅटिक असेल तर हाताने पहिल्यात अडकवा, डी मध्ये सोडू नका. उताराच्या तोंडाशी पूर्ण थांबा, खाली उतरून चालत जा आणि वाट बघून या. मग पायाच्या ब्रेकऐवजी आधी कंट्रोलरच्या कळीने ट्रेलरला हलका ब्रेक द्या, म्हणजे तो मागून रेटणार नाही, ओढत येईल. ट्रेलर एका बाजूला सरकतोय असं आरशात दिसलं तर गाडीचा ब्रेक दाबायचा मोह होतो, तोच आवरायचा. उलट फक्त ट्रेलरचा ब्रेक आणि गाडीला किंचित वेग. दुवा ताणला की ट्रेलर रांगेत येतो. हे वाचून कळत नाही. रिकाम्या मैदानात, ओल्या गवतावर दहा वेळा करून बघा.

गाडीत ‘हिल डिसेंट’ नावाची सोय असेल तर ती ट्रेलर लावून कशी वागते हे आधी सौम्य उतारावर तपासा. प्रत्येक गाडीत ती वेगळी वागते, काहींत ट्रेलरचा ब्रेकही सोबत लागतो.

चढ अर्ध्यात राहिला तर?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो घटना घडल्यावर विचारतात.

चाकं जागच्या जागी फिरायला लागली की ॲक्सिलरेटर सोडा. जास्त दाबून खड्डा खणला जातो आणि डिफरेन्शियल तुटायची वेळ येते. पायाचा ब्रेक, हातब्रेक आणि ट्रेलरच्या ब्रेकची कळ, तिन्ही. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये टाकून विचार करत बसायचं नाही. न्यूट्रलमधली गाडी दोन सेकंदांत तुमची राहत नाही. गाडी धरली गेली की सोबतच्या माणसाला खाली उतरवा, ट्रेलरच्या आणि गाडीच्या चाकांमागे उटी, म्हणजे पाचरी, लावायला सांगा. लाकडी पाचरी दोन तरी बाळगा. दगड मिळतीलच असं नाही, आणि मिळाला तर तो गोल निघतो. पाचर लावणाऱ्याने कधीही गाडी आणि ट्रेलरच्या खालच्या बाजूला उभं राहू नये, बाजूने हात घालायचा.

आता दोन रस्ते. विंच (गाडीला बसवलेलं, तार गुंडाळून ओढणारं यंत्र) असेल आणि वर जाड झाड असेल तर विंचने वर जा. झाडाला पट्टा बांधा, तारेने खोड कापू नका. नसेल तर उलटं उतरायचं. इथे पुन्हा बादली आठवा. ट्रेलर आता खाली आहे, लोंबतोय, दुवा ताणलेला आहे. म्हणजे परिस्थिती वाटते तेवढी वाईट नाही, जोवर वरून गाडीने ट्रेलरला ढकललं नाही तोवर. म्हणून उलटं उतरताना ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलरवर अगदी कमी करा. नाहीतर पायाचा ब्रेक दाबला की ट्रेलर खाली घट्ट उभा राहतो, गाडी वरून येते आणि दोघांची घडी पडते. लो रेंज, रिव्हर्स गिअर, इंजिनच्या जोरावर, हातभर-हातभर. स्टिअरिंग जवळजवळ सरळ. ट्रेलर वळायला लागला असं दिसलं की थांबा, थोडं पुढे घेऊन सरळ करा, पुन्हा मागे. खिडकीतून मुंडकं काढून बघू नका, आरशावर आणि बाजूला उभं राहून खुणा करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवा. खुणा करणारा माणूस एकच असावा. आमच्या घरात ‘डावीकडे’ आणि ‘तुझ्या डावीकडे’ यावरून एका चढावर जे झालं त्यानंतर आम्ही फक्त हातांच्या खुणा वापरतो.

चढावर ट्रेलर सोडवून गाडी मोकळी करायची कल्पना सुचेल. सुचू द्या, करू नका. करावंच लागलं तर आधी ट्रेलरचा हातब्रेक, चारी बाजूंनी उटी, आणि ड्रॉबार पट्ट्याने वरच्या झाडाला बांधून मगच कपलिंग उघडा.

वाटेत आडवे मातीचे उंचवटे येतात, त्यांचं काय?

पावसाचं पाणी वाटेवरून धावू नये म्हणून हे बांध घातलेले असतात. मोकळ्या गाडीला ते गतिरोधकाच्या मोठ्या भावासारखे. ट्रेलरसकट मात्र अशी वेळ येते की गाडीचं नाक पलीकडे खाली वाकलंय, मागची चाकं माथ्यावर आहेत आणि ट्रेलर अजून अलीकडे चढतोय. तेव्हा ड्रॉबारचं पोट मातीला लागतं. जॉकी व्हील (ट्रेलरच्या नाकाखालचं छोटं चाक) आणि त्याचा कंसही काढून पेटीत ठेवा, नुसतं वर वळवून भागत नाही. बांध चालण्याच्या वेगाने, सरळ ओलांडा. पलीकडे उतरताना ॲक्सिलरेटर हलका ठेवा. ट्रेलर माथ्यावरून खाली येतो तेव्हा मागून धक्का देतो.

टायरमध्ये हवा किती?

डांबरी रस्त्यावर मी ३६-३८ पीएसआय ठेवतो. खडीला लागलो की गाडीला २८, दगडांच्या चढाला २४ च्या आसपास, ट्रेलरलाही साधारण तेवढीच. लोक गाडीची हवा काढतात आणि ट्रेलरची विसरतात, मग ट्रेलर टणाटण उडतो आणि आतली भांडी पिठासकट जमिनीवर येतात. शक्य असेल तर ट्रेलरचे टायर आणि रिम गाडीच्याच मापाचे घ्या, म्हणजे दोन स्टेपन्या कुठेही बसतात. परत डांबराला लागायच्या आधी हवा भरायला कॉम्प्रेसर हवाच.

नदी ओलांडताना?

आधी चालत जाऊन बघा. पाणी एवढं थंड असतं की पाय बधिर होतात, तरीही. ट्रेलर म्हणजे हवेने भरलेली पेटी. पाणी वाढलं की ती तरंगते आणि प्रवाह तिला बाजूला नेतो, गाडी मात्र जमिनीवर असते. मांडीपर्यंत पाणी आणि ओढ असेल तर ट्रेलर काठावरच. दुसरं, उतार उतरून आल्या-आल्या पाण्यात शिरू नका. तापलेलं हब थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये खेचलं जातं. दहा मिनिटं थांबा. बाहेर आल्यावर ट्रेलरचे ब्रेक दोन-तीन वेळा हलके लावून वाळवा.

समोरून गाडी आली तर कोण मागे घेणार?

रिवाज असा की चढणाऱ्याला वाट द्यायची. पण ट्रेलरवाल्याला मागे घ्यायला लावण्यात कुणाचाच फायदा नसतो, म्हणून बहुतेक जण समजुतीने घेतात. त्याआधीच टाळायचं असेल तर यूएचएफ रेडिओ लावून ठेवा. फोर-व्हील-ड्राइव्हवाले सहसा १० नंबरचं चॅनल वापरतात. ‘एक गाडी, मागे ट्रेलर, वर येतोय’ एवढं सांगितलं तरी पुरे. ५ आणि ३५ ही चॅनलं आणीबाणीसाठी राखीव आहेत, तिथे गप्पा नाहीत.

रुतलो तर दुसरी गाडी बॉलला पट्टा लावून ओढेल का?

कधीच नाही. टो-बॉल ओढताना तुटतो आणि तोफगोळ्यासारखा काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात माणसं अशी मेली आहेत. गाडीच्या चॅसीला बसवलेले, वजनाचा आकडा लिहिलेले हूकच वापरा. मागून ओढायचं असेल तर हिचच्या नळीत बसणारा रिकव्हरी ठोकळा घ्या. ट्रेलर लावलेल्या गाडीला झटका देऊन ओढणं मी टाळतो. वजन दीडपट होतं आणि झटक्याचा हिशोब कुणालाच लागत नाही. फावडं, चाकाखाली घालायच्या फळ्या आणि थोडा धीर, यावर निम्म्या वेळा काम होतं.

कधी जावं?

डोंगरातल्या बऱ्याच वाटा जूनच्या लाँग वीकेंडनंतर बंद होतात आणि मेलबर्न कप वीकेंडच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, उघडतात. पाऊसपाणी जास्त झालं तर उघडणं पुढे जातं. निघायच्या आदल्या दिवशी पार्क्स विक्टोरियाच्या संकेतस्थळावर वाटांची स्थिती बघा. उघडल्यावरचा पहिला आठवडा मी टाळतो. वाटा ओल्या, पडलेली झाडं आणि सगळं मेलबर्न एकाच फाटकात. मला मार्च-एप्रिल आवडतो. नदी उतरलेली असते, माती बसलेली असते. रात्री मात्र थंडी कडक पडते आणि उंचावर बर्फ कुठल्याही महिन्यात पडू शकतो, हे आजी-आजोबांना नेणार असाल तर लक्षात ठेवा.

आगीचं काय?

जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर रोज सकाळी विकइमर्जन्सी ॲप बघा. ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झाला की शेकोटी पूर्ण बंद. एरवी शेकोटी तयार चुलाणात किंवा ३० सेंटिमीटर खोल चरात, सभोवती तीन मीटर जागा साफ, आणि विझवताना माती नाही, पाणी ओता. मातीखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो. तंबू युकॅलिप्टसच्या मोठ्या फांद्यांखाली ठोकू नका. वारा नसतानाही त्या पडतात.

मुलं ट्रेलरमध्ये झोपून आली तर चालेल? आणि लाल पी-प्लेटवाल्या मुलाने चालवलं तर?

दोन्हीला नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवणं बेकायदा आहे. आणि विक्टोरियात लाल पी-प्लेटच्या, म्हणजे नव्या चालकाच्या पहिल्या टप्प्याच्या, लायसन्सवर मोजके अपवाद सोडले तर ट्रेलर ओढता येत नाही. हिरवी मिळेपर्यंत त्याला पाचरी लावायच्या कामावर ठेवा.

फोन लागतो का?

कड्यावर एखाद्या ठिकाणी लागतो, दरीत नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बरोबर ठेवा. घरच्यांना वाटेचं नाव आणि परतीची वेळ लिहून द्या. नुसतं ‘डार्गोच्या बाजूला’ सांगून कोणी सापडत नाही.

डिझेल किती लागेल?

आमच्या गाडीला हमरस्त्यावर ट्रेलरसकट १०० किलोमीटरला १५ लिटर लागतं, लो रेंजच्या दिवशी २५ च्या पुढे जातं. शेवटच्या गावात टाकी भरल्याशिवाय डोंगरात शिरू नका.

स्वयंपाकाचं सामान कसं बांधायचं?

काच नको. दीड तासाच्या थरथरीत बरणीचं झाकण आपोआप उघडतं, हे मला आईने पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याने शिकवलं. तेल तीन चादरी, एक उशी आणि गॅसच्या शेगडीत गेलं. आता लोणचं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी पातेल्यात आणि पातेलं टॉवेलमध्ये. गॅसची टाकी बाहेरच्या कंसात उभी, व्हॉल्व्ह बंद करून. जड सामान आसाच्या आसपास, खाली. मागच्या टोकाला काही जड नको. कांदे कुठेही ठेवा, ते सगळीकडे सापडतातच.

पहिल्यांदा जातोय. नेमकं कुठे जाऊ?

शीपयार्ड फ्लॅट. शुक्रवारी मॅन्सफील्डला रात्र काढा, शनिवारी सकाळी उजेडात उतरा. वाटेत दर अर्ध्या तासाने थांबून हबजवळ हात नेऊन बघा, कोमट चालेल, चटका नको. ट्रेलर सोडवून मोकळी गाडी घेऊन क्रेग्ज हट या डोंगरावरच्या झोपडीला जा, वरून दिसणाऱ्या डोंगरांत वाट कुठे कशी जाते ते दुर्बिणीने बघा. रविवारी लवकर निघा, कारण दुपारी सगळे निघतात आणि खडीवर धूळ एवढी असते की पुढचा ट्रेलर दिसत नाही.